कपाटाचे पन्नास रुपये संस्थेने घेतले, मग भरपाई सरांनी का द्यायची?

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त
(ज्या संस्थेच्या सभागृहात आमच्या मुलांचा कराटेचा वर्ग भरतो)
आणि त्या वर्गातल्या सर्व पालकांस,

स. न. वि. वि.

मी धनकवडीत राहते. घरीच शिलाईचं काम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, साड्यांना फॉल-पिको. माझी मुलगी सहावीत आहे. गेली चार वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार ती तुमच्या सभागृहात कराटे शिकते. संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांना ते माहीत आहे.

मागच्या आठवड्यात तुम्ही वर्गाच्या सरांना एक पत्र दिलंत आणि त्याची प्रत सूचनाफलकावर लावलीत. 'विद्यार्थ्यांच्या साहित्याची संपूर्ण जबाबदारी प्रशिक्षकाची आहे. चोरीस गेलेल्या साहित्याची भरपाई त्यांनी पंधरा दिवसांत करावी, अन्यथा वर्गासाठी सभागृह उपलब्ध होणार नाही.' मी ते दोनदा वाचलं, घरी आले, मशीनवर बसले, पण हातून काम होईना. सामान माझ्या मुलीचं गेलं. त्याची वसुली तिच्या नावाने तिच्याच सरांकडून चालली आहे, आणि आम्हाला कोणी साधं विचारलंही नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांच्या घरात कराटे शिकणारं मूल नाही त्यांना वाटेल, एक पांढरा ड्रेस आणि पट्टा, त्यात एवढं काय? मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. पण मूल स्पर्धेत उतरायला लागलं की सामान वाढतं. फाइटमध्ये एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा असतो. आपल्या वाट्याला कोणता रंग येईल ते आधी ठरलेलं नसतं, म्हणून पट्टे, ग्लोव्हज, शिन गार्ड, सगळं दोन्ही रंगांत घ्यावं लागतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना वर छातीचं गार्ड आणि चेहऱ्याचं गार्ड. माझ्या मुलीच्या सामानाचं बिल ८,६५० रुपयांचं आहे. दिवाळीच्या हंगामात रात्री एक-एक वाजेपर्यंत ब्लाउज शिवून ते पैसे जमवले होते. दुकानातला ड्रेस तिला खांद्यात ढगळ होत होता. मी तो उसवला, पुन्हा बेतला, पुढच्या वर्षी उंची वाढेल म्हणून पायाला दुमड सोडली आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याने तिचं नाव भरलं. असं सहा मुलांचं सामान गेलं आहे.

ते सामान तिथे का होतं, तेही सांगायला हवं. मुली शाळेतून थेट वर्गाला येतात. दप्तर पाठीवर, आणि वर ही किट बॅग घेऊन संध्याकाळच्या पीएमपी बसच्या गर्दीत चढायचं म्हणजे काय, ते स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या कोणालाही विचारा. सरांनी सुचवलं, बॅगा इथेच ठेवा. सचिवांनी परवानगी दिली, लोखंडी कपाट दिलं आणि त्याचे प्रत्येक मुलामागे महिना ५० रुपये लावले. पावतीवर छापलेलं आहे, 'साहित्य ठेवण्याचे शुल्क'. माझ्याकडे अशा चौदा पावत्या आहेत.

मग त्या शनिवार-रविवारी सभागृह साखरपुड्याला दिलं गेलं. जागा व्हावी म्हणून कपाट आतून उचलून मागच्या पॅसेजमध्ये ठेवलं. केटररची भांडी ये-जा करतात म्हणून तिथला दरवाजा दिवसभर उघडा असतो. सरांना कोणी फोन केला नाही, आम्हा पालकांनाही कळवलं नाही. सोमवारी सहा वाजता मुलं आली तेव्हा कपाट पॅसेजमध्ये होतं, एक दार उघडं होतं आणि आतले वरचे दोन कप्पे रिकामे होते.

कुलूप तुटलेलं नव्हतं. ते कडीला नुसतं अडकवलेलं होतं. ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण तुमच्या पत्राचा सगळा भार तिच्यावरच आहे. शुक्रवारी एका लहान मुलाच्या नाकातून रक्त आलं. सर त्याच्याजवळ बसले होते आणि कपाट लावायला त्यांनी नववीतल्या एका मुलाला सांगितलं. त्याने कुलूप दाबलं की नुसतंच अडकवलं, ते त्यालाही आता खात्रीने सांगता येत नाही. आठ दिवस तो मुलगा वर्गाला आला नाही. सर सगळ्या पालकांसमोर म्हणाले, "मी स्वतः ओढून पाहायला हवं होतं. माझी चूक झाली." चूक झाली हे मलाही मान्य आहे. पण एखाद्याने चूक कबूल केली म्हणून त्या घटनेतली सगळी रक्कम त्याच्या नावावर चढवायची, हे मला मान्य नाही.

माझी स्वतःचीही एक चूक सांगते. पहिल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर 'सरांनी भरून द्यावं' असं लिहिणाऱ्यांत मी होते. रागात लिहिलं, पण लिहिलं. तिसऱ्या दिवशी सर घरी आले. चहाला नको म्हणाले, एक पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे तीन हजार. बाकीचे दर महिन्याला थोडे थोडे देतो." मी पाकीट घेतलं. ते गेल्यावर लक्षात आलं की पाकिटावर पतसंस्थेचं नाव छापलेलं आहे आणि आत पैशांबरोबर आवर्ती ठेव मुदतीआधी मोडल्याची चिठ्ठी राहून गेली आहे. हा माणूस चार ठिकाणी वर्ग घेतो, जुन्या स्कूटरवर फिरतो आणि त्याला स्वतःला दोन लहान मुलं आहेत. सहा मुलांची भरपाई म्हणजे त्याचं दोन-अडीच महिन्यांचं उत्पन्न. बुधवारी मी पाकीट परत केलं. ते घेत नव्हते. शेवटी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत ठेवून आले.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिलं म्हणजे माझ्या धंद्यातली गोष्ट. माझ्याकडे बायका साड्या टाकून जातात. कधी पैठणी असते, कधी आजीची इरकल. फॉल लावायला त्यातल्या काही मी शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंना देते, त्या घरी बसून टाके घालतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून एका साडीला इस्त्रीचा डाग पडला. गिऱ्हाइकाला मी त्यांच्या दारात पाठवलं नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं, पावती माझी होती, पैसे मी घेतले होते. मी भरून दिलं. नंतर त्या बाईंशी काय बोलायचं ते मी बोलले, आणि थोडं त्यांनी सोसलंही. पण तो आमच्या दोघींतला मामला होता. तुम्ही नेमकं याच्या उलट करता आहात. फीची पावती तुमची आहे. नऊशेतले चारशे संस्थेकडे राहतात, हे सचिवांनीच पालकसभेत सांगितलं होतं. कपाट तुमचं, सभागृह तुमचं, साखरपुड्याचं भाडंही तुमचं. मग गिऱ्हाइकाला तुम्ही टाके घालणाऱ्याच्या दारात का पाठवता?

दुसरं, कायदा. मी शिकलेली फार नाही. पण माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्यांत एक वकीलबाई आहेत आणि त्यांनी मला हे बसून समजावलं. आपली वस्तू सांभाळायला म्हणून दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी त्याने घ्यायची, असं १८७२च्या करार कायद्यात, कलम १५१ मध्ये आहे. तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली तर तो सुटतो. मला तुम्हाला एवढंच विचारायचं आहे: संस्थेच्या कार्यालयातलं हिशेबाचं कपाट तुम्ही त्या पॅसेजमध्ये, उघड्या दाराशी, दोन दिवस ठेवलं असतं का?

तुमच्या सभागृहात पाटी आहे, 'मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात'. अध्यक्षांनी तिच्याकडे बोट दाखवलं. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या ताब्यातून १९९८मध्ये पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. गाडी मालकाच्या जोखमीवर, असं त्यांच्याही पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने सांगितलं की गाडी नि किल्ली ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून असं छापून सुटता येत नाही. ते हॉटेल होतं आणि ती गाडी होती, हे मला कळतं. पण पैसे घेऊन कपाट द्यायचं आणि भिंतीवर पाटी लावून हात झटकायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र चालणार नाहीत, एवढं तर त्यातून निघतंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तुमच्या पत्रात शेवटी लिहिलं आहे, 'गुरू हा शिष्याचा पालक असतो, ही आपली परंपरा आहे.' माझे आजोबा पुण्याच्या पूर्व भागातल्या एका तालमीत जायचे. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं आठवतं, की पहाटे तालमीचं दार वस्ताद उघडायचे आणि रात्री वस्तादच लावायचे. हौद्यातली माती कधी खणायची, त्यात ताक-तेल किती घालायचं, आखाड्यात कोणाला उतरू द्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, सगळं तेच ठरवायचे. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती, जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले. अशा माणसांना आपण वस्ताद म्हणतो, कारण जागाही त्यांच्या शब्दात होती. जोडी, करेल, गदा ही व्यायामाची साधनं तालमीची. पोराचा स्वतःचा म्हणजे लंगोट.

आमच्या सरांच्या शब्दात तुमच्याकडे काय आहे? सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे नाही. सहा वाजता शिपाई उघडतो, साडेसातला दिवे बंद करतो. सभागृह कोणाला द्यायचं हे त्यांना विचारलं जात नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवशीच सभागृह हळदीकुंकवाला दिलं होतं, तेव्हा सरांनी मुलांची परीक्षा बाहेरच्या फरशीवर घेतली. मे महिन्यात पंखा बंद होता, त्यांनी तीन अर्ज दिले. तेव्हा ते गुरू नव्हते, जागा वापरणारे होते. भरपाईची वेळ आली आणि ते गुरू झाले. परंपरा सांगायची असेल तर सगळी सांगा. अधिकार तुमच्याकडे आणि नुकसान त्यांच्याकडे, अशी परंपरा माझ्या आजोबांच्या तालमीत नव्हती.

चौथं, पोलीस. मी आणि आणखी एक पालक जवळच्या चौकीत गेलो. "मुलांचं सामान आहे, गहाळ झाल्याची नोंद करा, ऑनलाइन होते" असं आम्हाला सांगितलं गेलं. वस्तू गहाळ होणं आणि चोरीला जाणं यांत फरक आहे. वकीलबाईंनी सांगितलं ते असं: १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. आमचं एकेकीचंच बिल त्याच्या वर आहे, सहा जणांचं मिळून तर कितीतरी. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला फुकट मिळते. पण चौकीत पहिला प्रश्न आला तो हा: त्या दोन दिवसांत सभागृहात कोण होतं? केटरर कोण, मांडववाला कोण, कॅमेरा चालू होता का? हे सगळं तुमच्या बुकिंगच्या वहीत आहे. मी कार्यालयात मागितलं तर उत्तर मिळालं, "संस्थेचं नाव खराब होईल, ताणू नका." चोर शोधण्याचा एकच धागा तुमच्याकडे आहे. तो तुम्ही दिला नाहीत आणि भरपाईचं पत्र मात्र चार दिवसांत तयार झालं.

या सगळ्यात मुलीचं काय झालं, तेही लिहिते. जिल्ह्याची शालेय स्पर्धा दहा दिवसांवर होती. सरांनी कुठून कुठून जुने ग्लोव्हज आणले, चेहऱ्याचं गार्ड दुसऱ्या वर्गातल्या मुलीचं मिळालं. ते सैल होतं. एकाच फाइटमध्ये पंचांना दोनदा थांबवून ते घट्ट करायला सांगावं लागलं. ती हरली. गार्डमुळे हरली असं मी म्हणणार नाही, समोरची मुलगी चांगली होती. पण चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला मॅटवर उतरताना समोरच्या मुलीऐवजी स्वतःच्या हातांकडे बघताना पाहिलं.

सर काय देणं लागतात, असा प्रश्न मला शेजारणींनी विचारला. त्याचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी आई आहे आणि मी रोज तिथे बाकावर बसते. मुलाचं सामान गेलं तर त्याची स्पर्धा बुडू न देणं हे ते लागतात. ते त्यांनी केलं. स्वतःची चूक झाली तर मुलांसमोर ती मान्य करणं, तेही त्यांनी केलं. त्या नववीतल्या मुलाला परत वर्गात आणणं हे ते लागत होते. ते त्याच्या घरी गेले आणि घेऊन आले. आठ हजार सहाशे पन्नास रुपये ते मला लागत नाहीत.

पालकांनो, आता तुमच्याशी बोलते. तुमच्यातल्या काहींनी या महिन्याची फी अडवून ठेवली आहे. राग मला कळतो, माझंही तेवढंच गेलं आहे. पण फी अडवली की आधी सरांचा वाटा थांबतो, संस्थेचं फारसं काही अडत नाही. काही जण म्हणतात, सर हळवे आहेत, ते देतील. देतीलही. म्हणूनच त्यांच्याकडून घेणं मला बरं वाटत नाही. ज्याच्याकडून मिळणं सोपं आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याने द्यायला हवं त्याला सोडून द्यायचं, असं आपण करू नये. फी भरा, पावती घ्या आणि सामानाची बिलं माझ्याकडे द्या. मी सगळ्यांची एकत्र करते आहे.

विश्वस्तांकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

सरांना दिलेलं पत्र लेखी मागे घ्यावं आणि तेही त्याच फलकावर लावावं. सभागृह काढून घेण्याची अट त्याबरोबर रद्द व्हावी.

सहा मुलांच्या सामानाची भरपाई संस्थेने करावी. नव्याची पूर्ण किंमत मी मागत नाही. ड्रेस आठ महिने वापरलेला होता, ग्लोव्हज वर्षभर. वापराप्रमाणे रक्कम कमी करा, पण ती बिलं बघून, आमच्यासमोर बसून ठरवा. बिल नसलेली दोन मुलं आहेत. त्यांच्या सामानाची यादी सर सांगतील, ती धरावी. सरांनी आपण होऊन काही वाटा उचलायचं म्हटलं तर तो संस्थेने आणि त्यांनी आपसात ठरवावा. मुलांचे पैसे त्यासाठी थांबू नयेत.

चोरीची तक्रार संस्थेने स्वतः द्यावी. त्या दोन दिवसांच्या बुकिंगची माहिती पोलिसांना द्यावी. कॅमेरा बंद होता असं शिपाई सांगतो. बंद असेल तर कधीपासून, ते लेखी कळवावं.

यापुढे कपाट हलवायचं असेल तर आदल्या दिवशी सरांना कळवावं आणि ते बंद खोलीत ठेवावं. किल्ली कोणी घेतली, कोणी दिली, याची साधी वही असावी. हे जमत नसेल तर ५० रुपये घेणं बंद करा. मुली बॅगा घेऊन येतील, आम्ही काहीतरी सोय करू.

तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, लोकांच्या देणग्यांवर उभी राहिलेली आहे. माझ्या सासऱ्यांनी सभागृहाच्या बांधकामाला त्या काळी ५०१ रुपये दिले होते, त्याची पावती अजून आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. त्या नात्याने मी उत्तराची अपेक्षा ठेवते. तुम्ही सरांना पंधरा दिवस दिलेत, मीही तेवढेच मागते. उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देईन. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि स्त्री म्हणून मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही मी विचारून ठेवलं आहे. ही धमकी समजू नका. बसून मिटणार असेल तर मी तुमच्या कार्यालयात कधीही यायला तयार आहे. दुपारी दोन ते चार मला मोकळी वेळ असते.

एक विनंती मात्र उत्तराची वाट न बघता करते. कपाट अजून मागच्या पॅसेजमध्येच आहे. तीन मुलांच्या बॅगा अजून त्यात आहेत. सोमवारी सहाच्या आत ते आत घ्या.

आपली,
कराटेच्या वर्गातल्या एका मुलीची आई
धनकवडी, पुणे